भाकरीपर्यंत थांबायचं

आमच्या ख्रिस्ती मंडळीत लग्न ठरलं म्हणजे लगेच लागत नाही. आधी तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. उपदेशाच्या आधी पाळक उभा राहतो, मुलाचं नाव वाचतो, मुलीचं नाव वाचतो, कोण कुठल्या मंडळीचं ते सांगतो आणि विचारतो, की हे लग्न होऊ नये असं काही कोणाला ठाऊक असेल तर त्यानं आत्ताच सांगावं. तिन्ही रविवारी कोणी काही बोललं नाही, की मग मांडव घालायला मोकळीक.

मी नागपुरात पाळक होतो. अशा पुकारी किती केल्या त्याचा हिशेब देवाकडे असेल, माझ्याकडे नाही. हा प्रश्न म्हणजे निव्वळ रीत, असं सगळेच धरून चालतात. तो विचारला जात असताना बायका लेकरांची नाकं पुसून घेतात आणि पुरुष पुढच्या गीताचा नंबर शोधतात. मी मात्र प्रश्न विचारून थांबायचो. चांगला ऐसपैस थांबायचो. पाहुण्यांना वाटायचं, पाळकसाहेब पुढचं विसरले की काय! आमच्या मंडळीचे वडील पंच, म्हणजे पंचांतले सगळ्यांत ज्येष्ठ, रेल्वेतून रिटायर झालेले होते. ते मला चिडवायचे, "पाळकसाहेब, तुमची गाडी आउटर सिग्नललेच उभी राहते."

ही सवय मला सेमिनरीत लागली. पुढे या सवयीमुळेच आमची मुलगी सातासमुद्रापार जाता जाता राहिली. त्या दिवसाची आठवण झाली की अजून छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटतं. म्हणून ही सवय कुठून आली ते आधी सांगतो.

साठ सालानंतरचे ते दिवस. सेमिनरी म्हणजे पाळक घडवायची शाळा. मी सावनेरकडचा, मिशन शाळेतल्या मास्तरचा मुलगा. घरून एक ट्रंक, एक वळकटी आणि आईनं दिलेला सांडग्यांचा डबा घेऊन तिथं पोचलो. पहिल्याच आठवड्यात कळलं, की देवाच्या सेवेसाठी ग्रीक भाषा शिकावी लागते. त्या भाषेनं माझा असा छळ मांडला, की रोज संध्याकाळी मी परतीच्या गाडीचा विचार करायचो. माझ्या खोलीत दुसऱ्या खाटेवर आमच्याच भागातला एक मुलगा होता. उंच, सडपातळ, आणि हसू दाबता न येणारा. प्रार्थनेतसुद्धा त्याचे खांदे हलायचे. त्यानं माझे सांडगे संपवले आणि मला ग्रीकमध्ये पास केलं. असा मित्र मिळाल्यावर परतीची गाडी राहून गेली.

पाळकाचं काम शिकवणारे सर म्हातारे होते. आवाज अगदी हळू, पण वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. त्यांच्या तासाला सगळं करून दाखवावं लागे. बाप्तिस्म्यासाठी उशी होती, आम्ही त्या उशीचा इतक्यांदा बाप्तिस्मा केला की तिचा कापूस कुजला. लग्नासाठी मुलांतूनच नवरा-नवरी व्हायचे. एका तासाला मी पाळक झालो, माझा हा मित्र नवरा, आणि भरघोस मिशांचा एक विद्यार्थी चादर पांघरून नवरी. मी ऐटीत पुकार वाचली, कोणाची हरकत असेल तर सांगा म्हटलं, आणि तसाच पुढे निघालो.

सरांनी हात वर केला. म्हणाले, "प्रश्न विचारलात ना? मग उत्तराची वाट कोणी पाहायची?"

मी म्हटलं, "सर, उत्तर कोणी देत नाही."

"तुम्ही सवडच दिली नाहीत, तर देणार कसं? माणसाला बाकावरून उठायला वेळ लागतो. भीती घालवायला त्याहून जास्त लागतो." मग त्यांनी मापच सांगून टाकलं. प्रश्न विचारायचा, डोळे मिटायचे आणि प्रभूची प्रार्थना मनात सावकाश सुरू करायची. रोजच्या भाकरीच्या मागणीपर्यंत पोचलं की डोळे उघडायचे. तोवर कोणी उठलं नाही, तर पुढे वाचायचं.

मी पुन्हा विचारलं. डोळे मिटले. भाकरीपर्यंत पोचतोय तोच खुद्द नवराच उठून म्हणाला, "माझी हरकत आहे. नवरीला मिशा आहेत."

वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "छान. हरकत आली. आता काय कराल?" मला काय करावं ते कुठं ठाऊक! तेव्हा त्यांनी तेही शिकवलं. तिथं उभं राहून वाद घालायचा नाही, रागवायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. हरकत आली आहे एवढं सांगायचं, उपासना पुरी करायची आणि मग त्या माणसाला वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या मागच्या आपल्या खोलीत, बसवून त्याचं ऐकून घ्यायचं. "बहुधा जन्मात एकदाही उपयोग होणार नाही," सर म्हणाले, "पण शिकून ठेवा."

त्या दिवसापासून आम्हा दोघा मित्रांत 'भाकरीपर्यंत थांबणे' हा शब्दच होऊन बसला. मेसमध्ये आमटी वाढणारा पुढे सरकला तरी आम्ही म्हणायचो, अरे, भाकरीपर्यंत तरी थांब.

शिक्षण संपलं, दोघांचीही लग्नं झाली. मला मंडळी मिळाली, मित्र काही वर्षांनी इंग्लंडला गेला. तिथल्या एका गिरण्यांच्या शहरात आपल्याकडचे बरेच ख्रिस्ती लोक कामाला होते, त्यांचा पाळक म्हणून. दोन वर्षांसाठी गेला तो तिकडचाच झाला. मी नागपूरच्या पाळकाच्या बंगल्यात. बंगला हा नुसता म्हणायला. कौलं गळायची, खुर्च्या मंडळीच्या, पलंग मंडळीचा, विहिरीवरचा पोहरासुद्धा मंडळीचा. बायको म्हणायची, "या घरात आपलं म्हणून काय आहे? लेकरं तेवढी आपली." लेकरं तीन. मोठी मुलगी, तिच्या पाठीवर दोन मुलगे. मुलगी जात्याच शांत. मुलगे आरडाओरडा करून जे मिळवायचे, ते ती न मागता सोडून द्यायची. चर्चमधला पायपेटीचा ऑर्गन ती बाराव्या-तेराव्या वर्षीच वाजवायला लागली. पेडल मारायला पाय पुरत नसत, म्हणून स्टुलाच्या अगदी कडेला बसायची. मोठी झाल्यावर ती मिशनच्याच प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवू लागली. तिच्या वर्गातून गोंगाट ऐकू आला नाही असा दिवस गेला नाही, आणि त्या गोंगाटात सगळ्यांत खुश तीच असायची.

ऐंशी साल उलटल्यावर मला वर्षभर परदेशी शिकायला जायचा योग आला. स्कॉटलंडमधलं एक कॉलेज होतं. बायकोनं तीन स्वेटर विणले, एकावर एक घालायला. मी हसलो होतो. तिथं पोचल्यावर तिन्ही एकदम घातले आणि वरून तिच्या नावानं देवाचे आभार मानले. तिथली माणसं चांगली, अतिशय चांगली. पण मोजकं बोलायची. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी मी खोली घेऊन राहायचो. त्या रोज सकाळी मला पावसाबद्दल सांगायच्या आणि संध्याकाळी पुन्हा पावसाबद्दलच सांगायच्या. दुपारी तीनला अंधार पडायचा. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला बोलायला कोणी नाही म्हणून मी खोलीत एकटाच मोठ्यानं मराठीत प्रार्थना करायचो. देव ऐकत असेलच, पण खरं सांगायचं तर मला माझाच आवाज ऐकायचा असायचा.

नाताळात मित्राकडे गेलो. स्टेशनवर तो दिसला, केस पांढरे, खांदे तसेच हलणारे. मिठीच मारली त्यानं. घरी त्याच्या बायकोनं गोळाभात केला होता, वरून हिंगाची फोडणी घातलेलं तेल. पहिला घास तोंडात घातला आणि माझे डोळे भरून आले. मला वहिनींसमोर लाज वाटली, पण त्याही पदर डोळ्याला लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, बोला नं काही. कायचंही बोला. आपलं बोलणं किती दिवसानं ऐकून राहिली मी."

मी बोललो. पुढचे आठ-दहा दिवस मी नुसता बोलतच होतो. आणि बोलता बोलता माझं लक्ष त्यांच्याकडे जायचं. मित्राला त्याची मंडळी होती, मुलाला नोकरी होती, दोघं सकाळी बाहेर पडायचे. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहायच्या. रेडिओ चालू असायचा, त्यातलं त्यांना फारसं कळत नसे, तरी बंद करू द्यायच्या नाहीत. खिडकीतून समोरच्या घराची वीट दिसायची, दुसरं काही नाही. एकदा मला म्हणाल्या, "नागपुरात आता संत्रं आलं असन नं, भाऊजी?" मी म्हटलं, हो, हिवाळ्यातला आंबिया बहार आला असेल. त्यावर त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या.

रविवारी मित्र मला शेजारच्या मोठ्या इंग्रजी चर्चमध्ये घेऊन गेला. तिथंही पुकार होती. तिथल्या पाळकानं नावं, प्रश्न आणि पुढचं गीत सगळं एका दमात वाचून टाकलं, स्टेशनवर गाड्यांची घोषणा करतात तसं. मित्रानं मला कोपरानं ढोसलं, "काय गा, भाकरी तर दूरच, पाणीही नाही पाजलं." आम्ही दोघं पाळक त्या गंभीर चर्चमध्ये तोंडात रुमाल कोंबून हसत बसलो.

त्याच आनंदात, निघायच्या आदल्या दिवशी, त्यानं विषय काढला. त्याचा मुलगा आणि माझी मुलगी. मुलगा लहानपणी नागपूरला येऊन गेला होता, तिला पाहिलेलं होतं. बँकेत होता, निर्व्यसनी, वागायला नम्र, मला रोज सकाळी चहा आणून द्यायचा. मित्र म्हणाला, "आपण एका खोलीत राहिलो, आता एका घरात येऊ." मला नाही म्हणायला तोंडच नव्हतं. कारणही नव्हतं. मी शब्द दिला. दोघांनी हात धरून प्रार्थना केली. प्रार्थना संपवून डोळे उघडले तर दारात वहिनी उभ्या. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. ती नजर मला पुढे बरेच दिवस टोचत राहिली.

परत आलो. नागपूरच्या उन्हात पाय ठेवला तेव्हा इतकं बरं वाटलं, की रिक्षावाल्यानं जास्त पैसे मागितले तरी मी त्याच्याशी कौतुकानं भांडलो. घरी सगळ्यांना सांगितलं. मुलीला मी जेवताना सांगितलं. मुलगा कसा, घर कसं, माणसं आपली. "तुझी काही हरकत नाही ना?" असं विचारलं आणि लगेच म्हटलं, "जवसाची चटणी दे इकडं." तिनं चटणी दिली. म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, बाबा."

मी त्याला होकार समजलो. बायको मात्र त्या दिवसापासून मुकीच झाली. मी विचारलं, "काहून वं, बोलत काहून नाहीस?" तर म्हणे, "शब्द तुम्ही देला. मी बोलून काय करू?" आमच्याकडे मुलीच्या लग्नाला लकडगंजच्या सुताराकडून सागवानी पेटी करून घ्यायची पद्धत. तिनं पेटी सांगितलीच नाही. का, तर विमानात मावत नाही. लुगडी पाहायला चल म्हटलं, तर तिकडे लुगडी कोण नेसतं. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे उत्तर तयार. मुलगी शाळेत जात होती, ऑर्गन वाजवत होती, घरी येऊन मुकाट्यानं पोळ्या लाटत होती. घरात कोणी रडत नव्हतं, भांडत नव्हतं, आणि मला मात्र जेवण जात नव्हतं. ती खिडकी डोळ्यांसमोरून हलेना. पोरगी त्या खिडकीशी उभी आहे, रेडिओ चालू आहे, आणि संत्रं आलं असेल का म्हणून विचारते आहे. पण शब्द म्हणजे शब्द. मी आयुष्यभर लोकांना शब्द पाळायला सांगत आलेला माणूस, माझाच कसा मोडू?

पुढच्या हिवाळ्यात पुकारीचे रविवार आले. तिकडे त्या मोठ्या इंग्रजी चर्चमध्येही त्याच रविवारी पुकार होणार होती. वडील पंच म्हणाले, "पोरगी तुमची, पुकार मी करतो." मी म्हटलं, नको, मीच करतो. त्याचं नाव वाचलं, तिचं नाव वाचलं. ती समोर ऑर्गनवर बसलेली, पाठ माझ्याकडे. प्रश्न विचारला आणि एका दमात पुढे निघून गेलो. थांबण्याची मला भीती वाटली.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "आज तुम्ही भाकरीपर्यंत नाही पोचले." तिला हे माप ठाऊक होतं, लग्न होऊन आली तेव्हा मीच मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. मी म्हटलं, वेळ झाला होता. दुसऱ्या रविवारीही तेच झालं. त्या दिवशी मी जेवायला बसलो. पण रविवारचा रस्सा नाही, भात नाही, तिनं ज्वारीची एक भाकर माझ्या ताटात आणून ठेवली आणि म्हणाली, "घ्या. इथवर तरी या." मुलगे खाली मान घालून हसले. मुलगी हसली नाही. मी भाकर खाल्ली, दुसरं करतो काय!

तिसऱ्या रविवारी चर्च भरलेलं होतं. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. बायको नेहमीप्रमाणे खांबाजवळच्या बाकावर. मी नावं वाचली. प्रश्न विचारला. पुढचं वाक्य ओठांवर होतं, पण त्या वेळी सरांचा तो वर केलेला हात आठवला असेल किंवा ती भाकर. मी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. भाकरीपर्यंत पोचलो. डोळे उघडायला हवे होते. उघडवेनात. मी पुढे गेलो, आमेनपर्यंत गेलो, आणि मग जी प्रार्थना केली ती कुठल्याही पुस्तकात नाही. देवा, कोणाला तरी ऊठ म्हण रे. मला नाही म्हणता येत, दुसऱ्या कोणाला तरी म्हणू दे.

बाक करकरलं. मी डोळे उघडले. खांबाजवळ माझी बायको उभी होती. डोक्यावर पदर, हातात गीतांचं पुस्तक, तेही उलटं धरलेलं.

"मले हरकत आहे," ती म्हणाली.

सगळ्या माना खांबाकडे वळल्या. लेकरांच्यासुद्धा. तेवढ्यात मुलीचे हात नकळत पट्ट्यांवर पडले असावेत, भात्यात हवा होतीच, ऑर्गनमधून एक लांब बेसूर हुंकार निघाला. वडील पंच पहिल्या बाकावरून उठले आणि जणू रोजचंच काम असावं अशा आवाजात म्हणाले, "हरकत आली म्हणजे वेस्ट्रीत घ्या लागते, पाळकसाहेब."

सरांनी शिकवलेलं सगळं मला जसंच्या तसं आठवलं. वाद घातला नाही, रागावलो नाही. "हरकत आली आहे, उपासनेनंतर ऐकली जाईल," एवढं म्हटलं आणि उपदेशाला उभा राहिलो. काय उपदेश केला ते देव जाणे. मंडळीत तर कोणीच ऐकला नाही.

वेस्ट्रीत मी टेबलाच्या एका बाजूला, बायको समोरच्या खुर्चीवर, पंच दाराशी. बाहेर खिडकीखाली निम्मी मंडळी उभी होती हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, "हरकतीचं कारण सांगा." आयुष्यात पहिल्यांदा मी बायकोला अहो-जाहो केलं.

"पोरीले जायाचं नाही," ती म्हणाली.

"तिनं हो म्हटलं आहे. मी विचारलं होतं."

"विचारलं अन् चटणी मागतली. वाट कुठं पाहिली? सगळ्या नागपूरच्या पोरींसाठी थांबता तुम्ही. आपल्या पोट्टीसाठी चटणीएवढंही थांबले नाही."

"मग तू घरी काहून नाही बोललीस?"

"घरी बोलली असती तर तुमचा शब्द मोडला असता अन् मी मोडला असं झालं असतं. इथं तुम्हीच विचारलं, सगळ्यांले विचारलं. मी मंडळीची मेंबर आहे. मले विचारलं, मी सांगतलं."

पंच दाराशी उभे राहून मान डोलवत होते. त्यांच्या मते मुद्दा बरोबर होता.

मी मुलीला आत बोलावलं. ती ऑर्गनचं झाकण लावून आली, हात पदराला पुसत. मी तिला विचारलं, "तुला जायचं आहे का?" आणि थांबलो. भाकरीपर्यंत थांबलो, आमेनपर्यंत थांबलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ती जमिनीकडे पाहत होती. बायको काही बोलायला गेली, तर मी हात वर केला, अगदी सरांसारखा.

"मले नाही जायचं, बाबा," ती म्हणाली. "पोरगा चांगला आहे. पण मले इथंच राहायचं आहे. माही शाळा आहे इथं. मी नाही म्हटलं असतं तर तुमचा शब्द खाली पडला असता नं."

आणि मग माझ्या तोंडून ते निघालं. "मलेही नाही पाठवायचं वं तुले. मी तिकडून आलो तेव्हापासून नाही पाठवायचं."

मुलगी रडायला लागली, बायको रडायला लागली, मीही कशाला मागे राहतो! पंचांनी खिशातून रुमाल काढला, आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, "मंग हे लगन पाहिजे कोणाले होतं?"

खिडकीखाली कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग बाहेरची सगळी मंडळी हसायला लागली. मला त्या घटकेला इतकं हलकं वाटलं, की मी उठून अंगावरचा पाळकाचा झगा काढून खुंटीला टांगला तर वाटलं, मी स्वतःच खुंटीवरून उतरलो आहे. त्या दुपारी मी तीन वेळा रस्सा मागून घेतला. बायको वाढत होती आणि दर वेळी म्हणत होती, "सावकाश जेवा, कोणी नेऊन नाही राहिलं."

मित्राला कळवणं राहिलं होतं. ते मला पत्रातून कळवायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या तारघरात जाऊन कॉल लावला आणि बाकावर बसून वाट पाहिली. बापाचा राग, मित्राचा राग, दोन्ही एकदम येणार होते. कॉल लागला तसं मी घडलं ते सरळ सांगितलं. तिकडून काहीच ऐकू येईना. मला वाटलं, लाईन कटली. हॅलो हॅलो करणार, तोच लक्षात आलं, की तो थांबला आहे.

बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला. "कोण उठलं?"

"बायको."

"इकडे कोणी नाही उठलं गा," तो म्हणाला. "इथं थांबतेच कोण!" त्याला लागलं होतं, आवाजावरून कळत होतं. मी माफी मागायला लागलो, तर तो मध्येच म्हणाला, "थांब, ही फोन मागून राहिली."

वहिनी फोनवर आल्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, बरं केलं." मग जरा थांबून, "लई बरं केलं तिनं." मी काही बोलणार तोच त्यांनी विचारलं, "संत्रं आलं का?" मी म्हटलं, आलं, यंदा गोड आहे. मागून मित्राचा आवाज ऐकू आला, काहीतरी मिशांबद्दल बोलत होता, आणि वहिनी हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पुढच्या वर्षी मित्र दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला तेव्हा तो वहिनींना आधी बाजारात घेऊन गेला आणि मग माझ्याकडे घेऊन आला, हातात संत्र्यांची करंडी. आम्ही दोघांनी त्या लग्नाचा विषय काढला नाही. काढायची गरजच राहिली नव्हती.

तीन-चार वर्षांनी मुलीचं लग्न ठरलं, नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाशी. हे तिनं स्वतः येऊन सांगितलं, आणि मी चटणी मागितली नाही. लकडगंजच्या सुताराकडे सागवानी पेटी सांगायला बायको सकाळीच घराबाहेर पडली होती.

पुकारीच्या पहिल्या रविवारी मी नावं वाचली. प्रश्न विचारला आणि डोळे मिटणार, तर काय, सगळी मंडळी, पुरुष आणि बायका, लेकरंसुद्धा, मान वळवून खांबाजवळच्या बाकाकडे बघायला लागली. वडील पंच तर अर्धे उठलेच होते. ऑर्गनवरून मुलगीही मागे वळून बघत होती.

बायकोनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "मी बसली आहे नं. वाचा पुढे."

तरी मी भाकरीपर्यंत थांबलो, आणि मग पुढे वाचलं.